आईची प्रत

आईच्या शोकसभेत तिची आवडती पियानोरचना वाजवायचं मी कबूल केलं होतं. वॉल्ट्झ या जुन्या नृत्यधुनीवर बेतलेली ती रचना भल्याभल्यांची बोटं अडकवते. पंधरा दिवस घोटूनही शेवटच्या पानावरची एक ओळ हातात बसली नव्हती. लहानपणी तिथेच अडले, की आई म्हणायची, “एकही स्वर गाळायचा नाही.” नेरूळच्या सोसायटी हॉलमध्ये खुर्च्या भरल्या, तेव्हाही मी मांडीवर बोटांनी तीच ओळ घोटत होते. तेवढ्यात आईची विद्यार्थिनी हेतल त्या रचनेच्या नोटेशनची आईची प्रत परत द्यायला आली. मी शेवटचं पान उघडलं. त्या ओळीवर पेन्सिलीने फुली मारलेली होती. “हे काय?” “टीचर ती ओळ नेहमी उडवायच्या. म्हणायच्या, ‘माझ्या मुलीला सांगू नकोस हं.’” मी वाजवायला बसले. ती ओळ आली, मी बिनधास्त उडवली. वाजवून झाल्यावर मावशी डोळे पुसत म्हणाली, “अगदी ताईसारखं वाजवलंस गं.”