शाकारणी न लागणारं छप्पर

आमच्या नव्या छपरातून खाली पडून आबा गेले. कंपनीने फोनवर सांगितलं, असं होऊच शकत नाही, शिंगलच्या छपराला तीस वर्षांची हमी आहे आणि तुमचं आत्ता कुठे सातवं चालू आहे. तेव्हा कंपनीच्या हिशेबाने आबा हयात आहेत असं धरून चालू.

आबा दर मे महिन्यात कौलं शाकारायला वर चढायचे. गुडघे गेले तरी ऐकेनात, म्हणून आम्ही कौलं काढून प्लायवूडवर शिंगल, म्हणजे खडी चिकटवलेल्या डांबरी पट्ट्या, घातली. आबा खराटा घेऊन तिच्यावरही चढले.

"अहो, याला शाकारणी लागत नाही!" आई खालून ओरडली.

"छप्पर आहे ना? मग लागते."

दरवर्षीच्या खराट्याने शिंगलवरची बारीक खडी निघाली, उघड्या डांबराला उन्हाने तडे गेले, खालचं प्लायवूड कुजलं. यंदा आबांनी नेमका तिथेच पाय ठेवला.

दहाव्याला कंपनीचा माणूस आला. "खराटा मारलात ना? हमी रद्द. छप्पर बदलून मिळणार नाही."

मी तिथेच अर्ज लिहून दिला: "महोदय, छप्पर आहे त्या स्थितीत राहू द्यावे. आमचे आबा होते त्या स्थितीत परत मिळावेत, ही नम्र विनंती."