बत्तीस दात

“सत्तर किलोला मागचं चक्र अठ्ठावीस दातांचं पुरेल, की बत्तीसचं घ्यावं?” नवऱ्याने पुढे बघतच विचारलं.

“मुख्य प्रयोगशाळेला आज हो-नाही कळवायचंय,” बायको त्याच्या पाठीला म्हणाली. “पाचच्या आत.”

“चढ धरून सांग.”

“बत्तीस,” ती म्हणाली. “पुरेल.”

दोघं एकाच सायकलवर होती. लग्नानंतर हौसेने घेतलेली जोडसायकल. दोन सीटं, चार पॅडल, एक हँडल. हँडल, ब्रेक, घंटी आणि गिअर त्याच्याकडे. तिच्याकडे पॅडल आणि त्याची पाठ. अकरा वर्षांत ती पाठ तिला तोंडपाठ झाली होती. रोज सकाळी कालव्याकाठच्या वाटेने सात किलोमीटर. आधी तिची वजनकाटे तपासायची प्रयोगशाळा, मग पुढे त्याचं दुकान. तो कवळ्या बनवायचा. त्यामुळे दात हा त्याच्या जिव्हाळ्याचाच विषय. पण गेला आठवडाभर त्याने अगदीच ताळ सोडला होता.

सोमवारी तिने सांगितलं, बढती मिळतेय, दुसऱ्या गावी, एक तारखेपासून. तो म्हणाला, चेन फारच कुरकुरते. मंगळवारी तिने सांगितलं, राहायला खोली देणार आहेत, पण एकीपुरतीच. तो म्हणाला, हँडल दोन बोटं वर हवं. बुधवारी तर तो तिच्यामागोमाग प्रयोगशाळेत शिरला, जेवणाच्या डब्यासकट काट्यावर उभा राहिला आणि आकडा चिठ्ठीवर लिहून घेऊन गेला. तिला वाटलं, पोटाचं मनावर घेतलं असेल.

हे घरी बोलता आलं असतं. पण घरी बोलायचं तर समोरासमोर बसावं लागतं, आणि ती सवय दोघांची कधीच मोडली होती.

वाट सगळ्यांची होती, म्हणजे कोणीच बाजूला होत नव्हतं. कानात गाणी घालून चालणारे होते. चौघी-चौघी हातात हात घालून येणाऱ्या मैत्रिणी होत्या. मालक एका काठाला, कुत्रा दुसऱ्या काठाला आणि मधे ताणलेला पट्टा, असेही होते. नवरा घंटी वाजवायचा, ती मागून “जरा बाजूला” म्हणायची. आणि एक पेन्शनर आजोबा होते. ते रोज समोरून येताना तोच विनोद करायचे, “साहेब, मागची सवारी पॅडल मारत नाही बरं का!” नवरा रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा. ती रोज, काही गरज नसताना, आणखी जोरात पॅडल मारायची.

कालव्यावरचा पूल दिसायला लागला तसं तिने मनाशी ठरवलं. चढाला गुपचूप उतरायचं. वर पोचेपर्यंत त्याच्या लक्षात आलं, तर नकार कळवायचा. नाही आलं, तर होकार. अकरा वर्षांच्या संसाराला परीक्षा तशी सोपीच होती. मागे बायको आहे की नाही, एवढंच ओळखायचं होतं.

खरं सांगायचं तर तिला नकारच द्यायचा होता. फक्त कुणीतरी “जाऊ नकोस” म्हणायला हवं होतं. तेवढं जड जात असेल, तर नुसतं मागे वळून बघितलं तरी चाललं असतं.

चढाच्या पायथ्याशी एका बाबागाडीला वाट द्यायला नवरा थांबला. त्याने एक पाय टेकवला, गिअर सगळ्यात हलका केला. तेवढ्यात ती उतरली. सत्तावन्न किलो. तिच्या प्रयोगशाळेत पाच ग्रॅम चुकलं तरी काटा नापास होतो.

रोज निघताना तो “हं” म्हणायचा आणि मग दोघं एकदम जोर लावायची. आज तो काही म्हणाला नाही. निघाला.

ती मागून चालू लागली. हलका गिअर असा की सायकल आणि माणूस बरोबरीनेच वर जात होते. समोरून आजोबा आले. सवयीने त्यांनी तोंड उघडलं, रिकाम्या सीटकडे बघितलं, मग मागून चालणाऱ्या तिच्याकडे बघितलं. अकरा वर्षांचा विनोद घशातच अडकला. त्यांनी टोपी काढली, कोणी गेल्यावर काढतात तशी, आणि पुढे गेले.

अर्ध्या चढावर सायकल डगमगली. तिचा हात आपसूक सीटला टेकायला गेला. तिने तो मागे घेतला. परीक्षेत कॉपी नको.

तो थांबला नाही. वळला नाही. मागची दोन पॅडल आपली आपणच फिरत राहिली.

पुलाच्या माथ्यावर त्याने पाय टेकवला. ती धापा टाकत मागे येऊन उभी राहिली. निकाल लागला होता.

“मी खालीच उतरले होते,” ती म्हणाली. “चढाच्या आधी.”

“माहितीये.” तो पुढेच बघत होता. “हलकी लागली.”

तिने वाट बघितली. तो घामेजलेला तळवा पँटला पुसत होता.

“तुझं एक तारखेपासून ना?” तो म्हणाला. “माझी नवी एका सीटची सायकल तीस तारखेला येतेय. बत्तीस दातांचीच सांगितली. तू पुरेल म्हणणार, हे माहीत होतं.”