स्वराट

“आर्यन नको, अर्जुन नको, आणि युवराज तर मुळीच नको,” वैभवी फोनवर म्हणाली. “राजाचं वाटलं पाहिजे, पण इथे दुसऱ्या कुणाचं नको. आणि ठेवायचं आत्यानंच. असा हुकूम आहे.”

“कुणाचा?”

“सध्या या घरात एकाचाच हट्ट चालतो, मीनल.” वैभवी हसली, पण आवाज थकलेला होता.

“कसा आहे?”

“खातो. दिवसा झोपतो, रात्री टक्क जागा. रडणं मात्र खूप कमी झालंय.”

फोन ठेवून मीनलनं लंडनमधल्या इल्फर्डच्या आपल्या छोट्या फ्लॅटमध्ये पुन्हा येरझाऱ्या सुरू केल्या. आठवडाभर हेच चाललं होतं. ऑफिसात समोर स्प्रेडशीट उघडी असायची आणि तिच्यामागे नावांची वेबसाइट. नाव, अर्थ, लोकप्रियता. कुठलं नाव किती जणांनी ठेवलं याचे आलेख. आरव वर चाललेला, राज घसरलेला. अधिराज, राजवीर, महीपाल... प्रत्येक नाव ती ओठांतल्या ओठांत म्हणून बघायची आणि सोडून द्यायची. एक फार जड, एक फार गोड. जेवताना घास हातात तसाच राहायचा. या वेळी चुकायला नको होतं.

त्याच संध्याकाळी जयंतचा फोन आला. दादा स्वतःहून फोन करणाऱ्यांतला नव्हता.

“साधं नाव ठेव,” तो म्हणाला. “आरवच ठेव. दर शाळेत चार असतात. नाव ऐकून कुणी वळून बघता कामा नये.”

“मला वेगळं शोधायला सांगितलंय, दादा.”

“मला कुणी विचारलं?” त्याचा आवाज खाली आला. “मला मुलगी हवी होती, मीनल. तुला माहितेय.”

“मुलगा आहे, दादा.”

“हो. सगळे तेच सांगतात. वैभवीला जमतं गं. मला अजून त्याला जवळ घेता येत नाही. खोलीच्या दारापर्यंत जातो आणि परत फिरतो.”

“आई-बाबांना कळवलंस?”

“पुण्याला? काय कळवू?” तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये उभ्याउभ्या तिला ते नाव सापडलं. स्वराट. लोकप्रियतेच्या रकान्यात आलेखच नव्हता. नोंद नाही, एवढंच लिहिलेलं. अर्थ: राजा. पण त्या वेबसाइटवर निम्म्या नावांचा अर्थ राजाच होता. मीनलचा जीव थाऱ्यावर राहीना. तिनं हॅरोच्या कमलाकरकाकांना फोन लावला. काका पुण्यात संस्कृत शिकवायचे, आता मुलाकडे राहत होते.

“जयंताला मुलगा? आम्हाला पत्ताच नाही!”

“अजून कुणालाच सांगितलेलं नाही, काका. तुम्ही फक्त अर्थ सांगा ना.”

“राजा बरोबर आहे, पण कुठला राजा ते बघ. सम्राट सगळ्यांवर राज्य करतो. स्वराट स्वतःवर. त्याला दुसऱ्या कुणी गादीवर बसवलेलं नसतं. समजलं का? मोठं नाव आहे. पेलणारा हवा.”

“पेलेल,” मीनल म्हणाली. डोळे पुसताना आपण फलाटावर उभ्या आहोत हे तिच्या लक्षात आलं.

शनिवारी सकाळी तिनं इल्फर्डच्या बाजारातून हरभरे घेतले. दुकानातल्या बाईंनी ओळखलं. “घुगऱ्या का? मुलगा की मुलगी?”

“मुलगा,” मीनल म्हणाली. तिऱ्हाइताला ती पहिल्यांदाच सांगत होती. बाईंनी वर मूठभर हरभरे आणखी घातले.

मिल्टन कीन्सला वैभवी स्वतः स्टेशनवर गाडी घेऊन आली होती. एकामागून एक राउंडअबाउटचे गोल चौक मागे पडत होते. घरासमोर जयंत त्याची गाडी धूत होता. ती आधीच लख्ख होती.

“तुम्ही उरकून घ्या,” तो मान वर न करता म्हणाला. “माझ्यासाठी थांबू नका.”

वैभवी तशीच आत गेली. मीनल थांबली.

“स्वराट ठेवतेय, दादा.”

“म्हणजे?”

तिनं काकांनी सांगितलेला अर्थ जसाच्या तसा सांगितला. जयंतचा हात काचेवर थबकला. मग तो पुन्हा तीच काच घासू लागला.

“इथल्या लोकांना म्हणता येईल?”

“शिकवलं तर येईल. आधी आपण म्हणायला हवं.”

त्यानं फडका पुन्हा बादलीत बुडवला. मीनल आत गेली.

पाहुणे नव्हतेच. देवासमोर निरांजन लावलं होतं. वैभवी वर गेली आणि त्याला घेऊन खाली आली. मीनल पुढे झाली. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं, लांबलचक ‘कुर्रर्र’ केलं आणि नाव सांगितलं.

रीतीप्रमाणे आता तिच्या पाठीत बुक्का बसायला हवा होता. पण वैभवीनं तोंडावर पदर घट्ट धरला होता आणि बुक्का मारायला दुसरं कुणी नव्हतं.

तेवढ्यात बसला. हलकासा, ओला. मीनलनं वळून पाहिलं. जयंत मागे उभा होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

“स्वराट,” तो म्हणाला. जरा मोठ्यानं पुन्हा म्हणाला. मग त्यानं हात पुढे करून मुलाचा चेहरा ओंजळीत धरला, आणि हनुवटीवरच्या नव्या, विरळ दाढीला साबणाचा फेस लागला. एकोणीस वर्षांपूर्वी मीनलनं याच कानात ‘अन्वी’ असं सांगितलं होतं.