तुळशीचे शेंडे

सकाळीच धुरपदाबाईंनी सुनेला अंगणात अडवलं होतं. "शिवकन्या, बाहेरची हायस ना तू? मग तुळशीपासून लांब ऱ्हा. तुझ्या इटाळानं जळून जाईल ती!"

शिवकन्या भिंतीकडेला जाऊन बसली.

दिवेलागणीला तिच्या धाकट्या दिराचे, आदिनाथचे दोस्त अंगणात जमले, बाटली उघडली. "आई, तुळशीचे शेंडे दे बरं खुडून," आदिनाथ म्हणाला. "परभणीच्या हॉटेलात असेच गिलासात खोवून देतेत. लय भारी वास येतो."

दिवेलागण झाली की तुळशीच्या पानालाही हात लावू न देणाऱ्या धुरपदाबाईंनी हसत हसत शेंडे खुडले आणि दारूच्या एकेका गिलासात खोवले.

शिवकन्येच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, तरातरा आली आणि प्रत्येक गिलासातला शेंडा चिमटीत धरून तिनं आत दाबला.

"घ्या भाऊजी. आता घ्या!"

कुणी गिलासाला हात लावायच्या आधीच धुरपदाबाई ऊर बडवत ओरडल्या, "अगं कैदाशिणी, पोरांची दारू इटाळलीस की!"