दोन्ही चालू

एक सर्व्हर बंद पडला की कंपनीचं काम दुसऱ्याने लगेच उचलायचं, अशी सर्व्हरची जोडी मी घरूनच बसवत होतो.

स्क्रीनवरून कंपनीच्या मॅडमनी विचारलं, "दोन्ही धडधाकट असले, पण त्यांचं आपापसातलं बोलणंच तुटलं तर?"

"तर प्रत्येकाला वाटतं, आता आपण एकटेच उरलो. मग दोघंही तेच काम..."

मी अडखळलो. समोर बाबा खुर्चीत पेंगत होते, कपाळ घामाने डबडबलेलं. आज नर्स आली नव्हती, म्हणून इन्सुलिन मीच टोचलं होतं.

मीटिंग तशीच टाकून, सहा महिन्यांचा अबोला मोडून, मी दादाच्या खोलीचं दार ठोठावलं.

"दादा, बाबांना इन्सुलिन तू दिलंस?"

"मग? माझ्याशिवाय आहे कोण त्यांचं बघायला?"