जुनी लिंक

निकिता सावेडीतल्या घरी बसून एका कॉलेजची वेबसाइट नव्या जागी हलवत होती. जुनी लिंक दाबली की नवं पान उघडलं पाहिजे, एवढंच काम. पण पानं हजारो. म्हणून तिने नियमच लावला: जे पान वर्षभरात कुणीही उघडलेलं नाही, ते नव्या जागी न्यायचं नाही, जोडायचंही नाही. मागच्या आठवड्यात जुना सर्व्हर पुसूनही झाला.

आज काष्टीहून पुंजाराम दारात येऊन उभे राहिले. कॉलेजच्या क्लार्कने पत्ता दिला होता. त्यांनी मोबाईल पुढे केला.

"ताई, ही लिंक उघडंना. आमच्या पोराचं, कल्याणचं, गॅदरिंगमधलं भाषन हाय ह्यात. तो गेल्यापून त्याचा आवाज एवढाच हाय आमच्याकडं."

निकिताने सगळीकडे शोधलं. मग मान वर न करताच म्हणाली, "काका, हे पान वर्षभर कुणी उघडलंच नव्हतं. म्हणून ते गेलं."

"असं कसं व्हईल? दर साली त्याच्या तिथीला निवद दाखवला, की आमी दोघं ऐकतो. बाकीच्या दिवशी त्याच्या आईला सोसत न्हाई. पर एक तिथी चुकवली न्हाई आमी."

"यंदाची तिथी कधी होती?"

"आज हाय. ताट वाढून बसलीया ती, माझी वाट बघत. एरवी वर्साच्या आतच येती तिथी, पर यंदा मधी धोंड्याचा महिना आला ना, ताई."