दारावरचा कागद

“सोड तो कागद, दादा! तुला कुठं वाचता येतं?” शकू ओरडली. दुसरीतली बहीण मला असं बोलते! मी हात उगारला, पण आय मधी आली नि कागद शकूकडं दिला. चौथीत शाळा सोडली, तरी घरातले कागद मीच वाचतो. परवा दारावर सरकारी साहेबांनी चिकटवलेला हाही मीच काढला नि “जमीनमोजणीचा हाय,” बोललो. खरं तर नुसता शिक्का ओळखला होता. शकू पनवेलच्या शाळेत यंदा आलेल्या कंप्युटरवर वाचायला शिकली. शब्द बरोबर जुळला की तो टिंग करतो. कागदावरही ती प्रत्येक शब्दावर बोट दाबून टिंगसाठी थांबत होती. “घर... सोमवारी... पाडण्यात... येईल. बरोबर ना?” आय भिंतीला हात लावून उभी राहिली. आज सोमवारच. रस्त्याकडून बुलडोझरची घरघर येतेय. बाबा नवीन पनवेलला बिल्डिंगच्या कामावर हायेत. त्यांना आणायला मला आत्ताच्या आत्ता निघायला पाहिजे.